व्हिजिटिंगवर आहे आणि चाळीस मुलांची ओजेटी गळ्यात आलीय, तुम्ही लोक कसं करता?

तासिकावाली:

नमस्कार. मी परळ-दादर पट्ट्यातल्या एका ऑटोनॉमस कॉलेजात टीवायच्या कॉमर्सवाल्यांना शिकवते, सेल्फ फायनान्सचा, म्हणजे सरकारी अनुदान नसलेला कोर्स आहे आणि मी व्हिजिटिंगवर, म्हणजे लेक्चर घेतलं तर पैसे, कॉलेजला सुट्टी तर आपल्यालापण सुट्टी पण बिनपगारी. त्याआधी बरीच वर्षं एका लॉजिस्टिक्स कंपनीत बिलिंग सांभाळायचे, भिवंडीला गोडाऊन आणि ऑफिस ठाण्यात.

तर यंदा सेम सिक्सला ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, कंपल्सरी आहे, चार क्रेडिट, म्हणजे 120 तास बाहेर कुठेतरी काम करून दाखवायचं. एचओडी मॅडम म्हणाल्या तुम्ही इंडस्ट्रीतल्या ना, तुमच्या ओळखी असतील, आणि चाळीसेक मुलांची यादी हातात दिली. मेंटॉर म्हणून माझं नाव, लॉगबुकवर सही माझी, कंपनीला फोन मी करायचा, जमलं तर व्हिजिट, शेवटी रिपोर्ट वाचून व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. याचं बिल कसं करायचं विचारलं तर म्हणे बघू.

पैशाचं एक वेळ बाजूला ठेवा पण मुलांचं काय करू ते सांगा. अर्ध्या मुलांच्या घरात ऑफिसात बसणारं कोणीच नाही, त्यांना एखाद्या कंपनीच्या रिसेप्शनला जाऊन काय बोलायचं तेपण माहीत नाही, त्यांना मी म्हणते सीव्ही पाठवा तर शाळेपासूनच्या मार्कशीट पाठवतात. काहीजण आधीच संध्याकाळी कुठे ना कुठे काम करतात आणि विचारतात मॅम हेच धरा ना. आणि काहींनी दुसऱ्याच दिवशी ऑफर लेटर आणून ठेवलंय, काकांच्या नाहीतर पप्पांच्या मित्राच्या दुकानाचं लेटरहेड, ज्यावर ‘मार्केटिंग इंटर्न’ असं लिहिलंय आणि दुकान आहे नटबोल्टचं.

खरी जागा कुठली आणि सर्टिफिकेट छापून देणारी कुठली हे ओळखायचं कसं, चाळीस जणांशी कॉन्टॅक्टमध्ये राहायचं कसं आणि हे सगळं फुकटात करायचं का, करायचं तर किती? जे स्वतः व्हिजिटिंगवर आहेत त्यांनी प्लीज लिहा, परमनंटवाल्यांनीपण लिहा पण जरा सांभाळून :)

जुना_खडू:

मॅडम, मी परमनंटवाला, तेपण रिटायरमेंटला टेकलेला, त्यामुळे सांभाळूनच लिहितो.

पहिलं काम पैशाचं, ते बाजूला ठेवू नका, कारण एकदा सेमिस्टर सुरू झालं की ‘बघू’चं उत्तर मे महिन्यात मिळतं आणि ते नाही असंच असतं. एचओडींना तोंडी न विचारता साधी मेल टाका. मानधन वाढवा वगैरे काही लिहायचं नाही, एवढंच लिहायचं की ओजेटी हा चार क्रेडिटचा पेपर आहे, त्याच्या मेंटॉरिंगचे आठवड्याला अमुक तास माझ्या टाइमटेबलमध्ये दाखवावेत. टाइमटेबलला तास आला की तो मस्टरला येतो, मस्टरला आला की बिलात येतो. अकाउंट्स सेक्शनला फक्त तेवढंच कळतं, तुमचा सेवाभाव त्यांच्या एक्सेलमध्ये बसत नाही. वर एक वाक्य टाका की यूजीसीच्या 2024 च्या इंटर्नशिप गाइडलाइन्समध्ये एका क्रेडिटला 30 तास धरलेत आणि संस्थेने नोडल ऑफिसर नेमायचा आहे, तर आपल्याकडे नोडल ऑफिसर कोण ते कळवावं. हे विचारलं की निम्मं ओझं आपोआप दुसऱ्या टेबलावर जातं, कारण कंपन्यांशी एमओयू म्हणजे करार करणं, त्यांची यादी ठेवणं हे त्या माणसाचं काम आहे, तुमचं नाही.

कोणीतरी तुम्हाला 2019 चं यूजीसीचं पत्र दाखवेल, गेस्ट फॅकल्टीला लेक्चरला 1500 आणि महिन्याला जास्तीत जास्त 50 हजार असं त्यात आहे, ते खरं आहे. पण ते पत्र घेऊन सेल्फ फायनान्सच्या मॅनेजमेंटशी भांडायला जाऊ नका, तिथला दर तेच ठरवतात आणि पुढच्या जूनला फोन येत नाही. तास मागा, दर नंतर.

आणि चाळीस हा आकडा एकट्याने घ्यायचा नसतो. अर्धी मुलं परत द्या, सरळ. तुम्ही इंडस्ट्रीतल्या म्हणून तुम्हाला दिली ना, मग सांगा की लॉजिस्टिक्स, अकाउंट्स, बॅक ऑफिसवाली मला द्या, बाकी मीडिया आणि बँकिंगची ज्यांना कळतं त्यांना द्या.

बोरिवली_फास्ट:

मी तीन कॉलेजात व्हिजिटिंग करतो, तिन्हीकडे ओजेटी आहे, तिन्हीकडे फॉर्मॅट वेगळा. लॉगबुक एकीकडे छापील, एकीकडे गुगल फॉर्म आणि एकीकडे दोन्ही, कारण कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकला लागतं म्हणे.

चाळीस जणांशी कॉन्टॅक्ट हा प्रश्न तुम्ही उलटा धरलाय असं मला वाटतं. चाळीस जणांशी तीन महिने सारखं बोलायची गरजच नसते. पोरगं अडकतं दोनच ठिकाणी, पहिल्या आठवड्यात आणि साधारण अर्धे तास भरल्यावर. पहिल्या आठवड्यात त्याला कोणी काम देत नाही, एका कोपऱ्यात बसवून ठेवतात, मोबाइल बघत बसतं, मग त्याला वाटतं आपण नको झालोय आणि चौथ्या दिवशी जायचं बंद करतं, घरी सांगत नाही, कॉलेजला सांगत नाही, दादर स्टेशनला बसून घरी जातं. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा एक व्हॉइस नोट मागतो, एक मिनिटाचा, आज काय केलं, शेजारी कोण बसतं, त्यांचं नाव काय. शेजारी बसणाऱ्याचं नाव माहीत नसेल तर समजायचं पोरगं एकटं पडलंय आणि त्या दिवशी फोन करायचा, बाकीच्यांना नाही केला तरी चालतो.

अर्ध्यावर आलं की दुसरी अडचण, तेच तेच काम. स्कॅनिंग, फायलिंग, व्हाउचर चिकटवणं. त्याचं रडगाणं आलं की मी विचारतो हे व्हाउचर कशाचं आहे, कुठल्या लेजरला जाणार, टीडीएस कापलाय का, का कापला. नव्वद टक्के पोरांनी बघितलेलंच नसतं. पुढच्या आठवड्यात बघून येतात आणि मग तेच काम बरं वाटायला लागतं. व्हायवाला मी हेच विचारतो, रिपोर्टमधलं कंपनीचं व्हिजन मिशन वाचतच नाही, ते वेबसाइटवरून उचललेलं असतं.

सीए ऑफिसात मुलं टाकली असतील तर महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास फोन करू नका, जीएसटीआर-1 आणि 3बी ही जीएसटीची रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा असतात, त्या वेळी सर कोणाचाच फोन नीट घेत नाहीत आणि तुमच्या पोरावर राग निघतो. आणि सेम सिक्स म्हणजे मार्च येणारच, त्यांचा इयर एंड आणि आपली इंटर्नल एकत्र, त्यामुळे तास फेब्रुवारीत जितके होतील तितके करून घ्या.

आता खोट्या जागांचं. तीन खुणा. पैसे मागितले, रजिस्ट्रेशन फी, किट फी, सर्टिफिकेट फी, काहीही नाव असो, नाही म्हणायचं. दुसरं, ‘सेल्स इंटर्न’ म्हणून घेऊन क्रेडिट कार्ड विकायला लावणारे, टार्गेट नाही झालं तर लेटर नाही. आणि तिसरं ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे ते म्हणजे फंडरेझिंग इंटर्नशिप. समाजसेवेचं नाव, वर्क फ्रॉम होम, पोरगं खूश. काम काय तर एक लिंक देतात आणि सांगतात या लिंकवर इतके हजार जमवा. पोरगं मग मामाला, मावशीला, चाळीतल्या काकूंना लिंक पाठवतं, पाच हजार झाले की सर्टिफिकेट, दहा झाले की ‘बेस्ट इंटर्न’. यात शिकला काय तो? नातेवाइकांकडून पैसे कसे मागायचे? सगळ्या एनजीओ अशा नसतात, वस्तीत जाऊन शिकवायला नाहीतर सर्व्हेला पाठवणाऱ्या चांगल्यापण आहेत, पण टार्गेट रुपयात असेल तर मी सही करत नाही, एका पालकांनी भांडण केलं होतं तरी केली नाही.

मधुमिता_एचआर:

मी कॉलेजवाली नाही, अंधेरी एमआयडीसीत एचआरला आहे, लोकांचे फोन घेणारी बाजू. मला वर्षभर कॉलेजांचे मेल येतात, त्यातले बहुतेक मी उघडून बंद करते, कारण त्यात असतं ‘आमच्या विद्यार्थ्यांना आपल्या नामांकित संस्थेत संधी द्यावी ही विनंती’ आणि खाली साठ नावं. याचं मी काय करू? तेच जर कोणी लिहिलं की दोन मुली आहेत, एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट येतं, जानेवारी ते मार्च आठवड्याला तीन दिवस येऊ शकतात, मेंटॉर मी आहे आणि हा माझा नंबर, तर मी त्याच दिवशी आमच्या अकाउंट्सवाल्यांना विचारते. व्हिजिटिंगवाल्या टीचरचा नंबर उलट जास्त कामाचा वाटतो मला, लँडलाइनवर ऑफिसचा शिपाई उचलत नाही तो प्रकार नाही.

इंटर्न यायच्या आधी तीन गोष्टी लेखी ठरवून घ्या आमच्याकडून. कोणाच्या हाताखाली बसणार त्या माणसाचं नाव, वेळ काय, आणि काम काय हे दोन ओळीत. स्टायपेंड असेल तर तोही, नसेल तर नाही असं स्पष्ट, ‘परफॉर्मन्स बघून’ असं लिहिलेलं असेल तर ते नाहीच समजा. ज्याला हे दोन ओळीत लिहिता येत नाही त्याच्याकडे काम नाहीये.

आणि एक गोष्ट जी कॉलेजं मुलींना कधीच सांगत नाहीत, निदान आमच्याकडे येणाऱ्या एकीलाही माहीत नसते. 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंधाचा कायदा, ज्याला आम्ही पॉश म्हणतो, त्यात ट्रेनी आणि अप्रेंटिस सुद्धा येतात, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती पाहिजेच आणि त्याहून लहान ऑफिस असेल, म्हणजे तुमचं सीए ऑफिस, दुकान वगैरे, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते तिथे तक्रार करता येते. तीन महिन्यांच्या आत करायची असते. हे पाठवण्याआधी वर्गात सगळ्यांना सांगा, मुलांनापण. आणि मुलींना एवढं नक्की सांगा की त्रास झाला म्हणून जागा सोडली तर तास वाया जाणार नाहीत, दुसरीकडे पूर्ण करता येतील. नाहीतर चार क्रेडिटसाठी गप्प बसतात हो त्या.

फुकटे_बंधू:

एवढं टेन्शन कशाला घेता, सगळ्यांच्या लॉगबुकवर सही करा आणि मोकळे व्हा, कॉलेजला फाइल पाहिजे, पोरांना मार्क पाहिजेत, तुम्हाला बिल पाहिजे. एवढी मेहनत परमनंटवाले तरी घेतात का?

जुना_खडू:

घेतात काही. आणि बंधू, सही यांची आहे, उद्या एखादी कंपनी अस्तित्वातच नाही असं निघालं तर फाइलमध्ये कोणाचं नाव सापडणार? व्हिजिटिंगवाल्याचंच.

तासिकावाली:

बापरे किती छान उत्तरं, सगळ्यांचे आभार. मेल टाकली आज, बघते काय होतं. शेजारी कोण बसतं हा प्रश्न मी उद्यापासूनच वापरणार आहे.

काकाच्या दुकानाचं अजून कळलं नाही मला. मी सरळ नियम करावा का की नातेवाइकाकडे चालणार नाही? चाळीसमध्ये सातआठ तरी तसेच आहेत.

नागदेवीचा_पोरगा:

मॅडम हा नियम करू नका. मी दोन वर्षांपूर्वी पास झालो, आमचं नागदेवीला हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणजे तुमच्या पोस्टमधलं नटबोल्टचंच समजा. आमच्या सरांनी घरच्या दुकानाला नाही सांगितलं म्हणून मी एका ऑफिसात गेलो जिथे मला सगळा वेळ झेरॉक्स काढायला लावलं. तेव्हाच दुकानात आमच्याकडे जुनं टॅली बदलून नवीन घेत होते, सगळा स्टॉक मोजून चढवायचा होता, बाहेरच्या राज्यात माल जायचा त्याची 50 हजारांच्या वर ई-वे बिलं, म्हणजे माल नेताना लागणारी ऑनलाइन बिलं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर, कोणत्या पार्टीची उधारी किती दिवस, ते सगळं पप्पा आणि एक म्हातारे मेहताजी मिळून करत होते. मी तिथे बसलो असतो तर खरंच काहीतरी शिकलो असतो.

दुकान काकाचं आहे का हे बघू नका, काम काय देणार ते बघा. लेटरहेडवर ‘मार्केटिंग इंटर्न’ असेल तर परत पाठवा आणि सांगा की काकांना विचार तुमचा स्टॉक कसा ठेवता, उधारी कशी वसूल करता, त्यातलं एक काम मला द्या. ज्याला नुसतं सर्टिफिकेट पाहिजे तो परत येणारच नाही, दुसरीकडून आणेल. आणि अचानक व्हिडिओ कॉल करा दुपारी चारला, गिऱ्हाइकाची वेळ असते, पोरगं तिथे असेल तर मागे आवाज येतोच.

बोरिवली_फास्ट:

हे पटलं. मी अजून एक करतो, घरच्या दुकानात असेल तर सुपरवायझर म्हणून घरचा माणूस नको, दुकानाचे अकाउंट्स बघणारे बाहेरचे सीए नाहीतर टॅक्स कन्सल्टंट असतात ना, त्यांची सही आणायला सांगतो लॉगबुकवर. ते उगाच सही करत नाहीत कोणाला.

संध्याकाळी काम करणाऱ्यांचं राहिलं. त्यांना नाही म्हणू नका, ती मुलं आधीच घर चालवतात, त्यांना अजून 120 तास कुठून आणणार. पण तुमच्या कॉलेजच्या ओजेटी समितीकडून लेखी मान्यता घ्या, की चालू नोकरीतलं काम विषयाशी जुळत असेल तर धरता येईल. जुळत नसेल, समजा पोरगं कॉल सेंटरला आहे आणि विषय अकाउंटन्सी, तर तिथल्या टीम लीडरला विचारून बिलिंगच्या नाहीतर रिपोर्ट बनवणाऱ्या एमआयएसच्या टीममध्ये काही दिवस बसायला मिळतं का बघायचं. माझ्या दोन मुलांना मिळालं, एकाला नाही मिळालं, त्याला शनिवार-रविवारचं दुसरं शोधून दिलं.

तासिकावाली:

अजून एक. मुलं मला पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचं विचारतात, दर महिन्याला पैसे मिळतात ना म्हणून. आणि मुख्यमंत्र्यांच्या योजनेचंपण. ते यात चालतं का?

जुना_खडू:

दोन्हीवर भरवसा ठेवू नका. पीएम इंटर्नशिप 2024 च्या ऑक्टोबरला सुरू झाली, तेव्हा ती वर्षभराची होती आणि फुलटाइम शिकणाऱ्याला घेत नव्हते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पण त्याच वर्षीची, त्यात पदवीधराला महिना 10 हजार सांगितले होते पण शिकत असलेल्याला नाही. वर्गात आत्ताच सांगून टाका, नाहीतर निम्मी मुलं फॉर्म भरून वाट बघत बसतात आणि जानेवारी जातो. पास झाल्यावर मात्र केंद्राची नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंगची, ज्याला नॅट्स म्हणतात, ती बघायला सांगा, त्यात किमान स्टायपेंडचा अर्धा भाग सरकार देतं म्हणून छोट्या कंपन्यापण तयार होतात. त्यांचं पश्चिम विभागाचं ऑफिस आपल्या सायनलाच आहे.

तासिकावाली:

थँक्यू सर. अपडेट द्यायला आले. एचओडींनी आठवड्याला दोन तास ‘ओजेटी मेंटॉरिंग’ म्हणून टाइमटेबलला टाकले, दोनच, पण लेखी. पंधरा मुलं दुसऱ्या सरांकडे गेली, ते माझ्याशी बोलत नाहीयेत सध्या. नोडल ऑफिसर कोण हे विचारल्यावर तीन दिवस शांतता होती आणि मग एक नाव आलं, त्या मॅडमनापण मेलवरूनच कळलं.

आता एक अडलंय. एक मुलगी टिटवाळ्याहून येते, तिला नवी मुंबईत महापेला चांगली जागा मिळाली, डिस्पॅचचं काम, माझ्याच जुन्या ओळखीतून. पण तिचा स्टुडंट कन्सेशनचा पास टिटवाळा ते परळ आहे, महापेला ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरने घणसोली आणि पुढे रिक्षा, त्याचं तिकीट वेगळं आणि स्टायपेंड नाही. घरच्यांनी नको म्हटलंय.

मधुमिता_एचआर:

कन्सेशन घर ते कॉलेजच असतं, त्यात काही होत नाही. पण कंपनीला सरळ विचारा ना, स्टायपेंड नाही म्हणणारे पण प्रवासखर्च देतात बरेचदा, ते वेगळ्या हेडखाली जातं आणि त्याला वरून अप्रूव्हल लागत नाही. मागताना रोजचा आकडा मांडून मागा, ट्रेन इतकी, शेअर रिक्षा इतकी, आणि आठवड्याला पाचऐवजी तीन दिवस पूर्ण वेळ यायची तयारी दाखवा म्हणजे त्यांनाही बरं आणि तिचा खर्चही कमी. तुमची जुनी ओळख आहे तर हे तुम्हीच बोला, ती मुलगी नाही बोलू शकणार.

बोरिवली_फास्ट:

आणि तरी नाही म्हणाले तर डोंबिवलीत माझ्या ओळखीचे एक सीए आहेत, त्यांना एक मुलगी पाहिजेच आहे, टिटवाळ्याहून त्याच पासवर होईल. प्रवासाचे पैसे नाही देणार पण रोजचा चहा-वडापाव आणि शिकवतात नीट. डीएम करा, फक्त आज 19 तारीख आहे, परवा बोलतो त्यांच्याशी.